पाच खणांची पागा

इंग्लंडच्या पूर्व भागात, सफोक आणि एसेक्स या परगण्यांत, जुन्या शेतवाड्यांच्या आवारात काळ्या फळ्यांनी मढवलेली, उंच छपराची आणि बिनखिडक्यांची एक लाकडी इमारत हटकून दिसते. तिला बार्न म्हणतात, आणि तिचे आता करायचे काय हा प्रश्न तिथल्या अनेक शेतकरी कुटुंबांपुढे गेली कित्येक वर्षे उभा आहे. धान्य आता कम्बाइन हार्वेस्टरमधून थेट पत्र्याच्या गोदामात जाते. आजच्या यंत्रांना बार्नचे दार अरुंद पडते. छपराची कौले मात्र दर हिवाळ्यात निखळत राहतात, आणि त्यांचा खर्च कोणत्याही पिकातून वसूल होत नाही. अशा वेळी बहुतेक मालक बार्नचे घर करतात, किंवा घर करू इच्छिणाऱ्याला तो विकून मोकळे होतात. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करणारी वास्तुविशारद म्हणून अशा घरांचे नकाशे मीही काढले आहेत आणि त्यांतली काही घरे देखणी झाली. तरीही रिकाम्या बार्नचा पुनर्वापर कसा असावा असे कोणी विचारले, तर मी सफोकमधल्या एका पाच खणांच्या बार्नबद्दल सांगते. तिथे आता चार घोडे राहतात, आणि बार्न बार्नच राहिला आहे.

हा बार्न सतराव्या शतकातला आहे. माझी उमेदवारी पुण्यातल्या वाड्यांच्या दुरुस्तीवर झाली असल्याने कोणतीही लाकडी इमारत मी आधी खणांत मोजते. इथे ओकच्या सहा चौकटी आहेत, म्हणजे पाच खण, प्रत्येक खण सुमारे ४.२ मीटरचा. इमारतीची लांबी २१ मीटर आणि रुंदी ६ मीटर. विटांचे गुडघाभर उंच जोते, त्यावर ओकची आडवी तुळई, तुळईत रोवलेले खांब, खांबांच्या माथ्यावर कैच्या, कैच्यांवर वासे, आणि ओकच्या खुंट्यांनी टांगलेली मातीची चपटी कौले. सगळ्या सांगाड्यात मूळचा एकही खिळा नाही. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवायचे आणि आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची, एवढ्यावर ही इमारत साडेतीनशे वर्षे वाऱ्यात उभी आहे.

मधला खण मळणीचा. त्याच्या दक्षिणेला भरलेली गाडी आत यावी एवढे उंच दार आणि त्यापुढे देवडीसारखा पुढे आलेला भाग, ज्याला तिथले लोक मिडस्ट्रे म्हणतात. उत्तरेला रिकामी गाडी बाहेर पडावी एवढे ठेंगणे दार. दोन्ही बाजूंच्या खणांत गव्हाच्या आणि बार्लीच्या पेंढ्या आढ्यापर्यंत रचून ठेवायच्या आणि मग हिवाळाभर मधल्या फळ्यांच्या जमिनीवर त्या थोड्याथोड्या झोडपायच्या. झोडपायचे साधन म्हणजे चामड्याच्या वादीने जोडलेल्या दोन काठ्या. झोडपून झाले की समोरासमोरची दोन्ही दारे उघडायची; वारा आरपार वाहू लागला की धान्य उफणायचे. आमच्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, ज्वारीची मळणी उघड्या खळ्यावर होत असे, कारण सुगीच्या दिवसांत पाऊस यायचा नाही याची खात्री असे. इंग्लंडमध्ये गहू ऑगस्टात निघतो आणि पाठोपाठ पावसाळी शरद सुरू होतो. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याला खळेच छपराखाली घ्यावे लागले आणि वाऱ्यासाठी भिंतीत दोन दारे ठेवावी लागली. बार्नच्या आराखड्यातली प्रत्येक गोष्ट या एका गरजेतून आली आहे, आणि हे ध्यानात ठेवले नाही तर पुढचे सगळे निर्णय चुकतात.

या बांधणीची भव्य रूपे पाहायची असतील तर एसेक्समधल्या क्रेसिंग टेंपलला जावे. तिथे नाइट्स टेंपलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाने तेराव्या शतकात बांधलेले दोन बार्न, एक बार्लीचा आणि एक गव्हाचा, अजून उभे आहेत. हीथ्रो विमानतळावर उतरणाऱ्या मराठी प्रवाशांपैकी फारच थोड्यांना कल्पना असेल की धावपट्टीपासून जवळच, हार्मंड्सवर्थ गावात, १४२६ साली विंचेस्टर कॉलेजने बांधलेला बारा खणांचा, ५८ मीटर लांबीचा ओकचा बार्न आहे. त्याच्या मधोमध उभे राहून वर पाहिले की सुतारकामाबद्दलची आपली समजूत बदलते. आमचा बार्न या घराण्यातला धाकटा. एका मध्यम शेतकऱ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधलेला असला, तरी सांगाड्याचे शहाणपण तेच आहे.

बार्नचे हृदय म्हणजे ती मळणीची जमीन, आणि ती सर्वांत आधी निकामी झाली. अँड्र्यू मीकल या स्कॉटिश कारागिराने १७८६ च्या सुमारास मळणीयंत्र तयार केले आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत ते दक्षिण इंग्लंडच्या शेतांवर पोहोचले. हिवाळ्यात शेतमजुरांना बार्नमधल्या झोडपणीखेरीज दुसरे काम नसे. यंत्राने ते काढून घेतले. ऑगस्ट १८३० मध्ये केंट परगण्यात मजुरांनी मळणीयंत्रे फोडायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत हे लोण पूर्वेच्या परगण्यांपर्यंत आले. या दंग्यांनंतर १९ जणांना फाशी झाली आणि पाचशेच्या आसपास माणसांना ऑस्ट्रेलियात हद्दपार केले गेले. बार्नच्या मधल्या खणातल्या झिजलेल्या एल्मच्या फळ्या पाहताना मला ही माणसे आठवतात. जुन्या इमारतींविषयी बोलताना आपण सुताराचे कौतुक करतो, मालकाचे नाव शोधतो आणि ज्यांच्या पायांनी जमीन झिजली त्यांना विसरतो, हे मला बरोबर वाटत नाही. त्या फळ्या काढून टाकायच्या नाहीत हा माझा पहिला आग्रह होता, आणि मालकीणबाईंनी तो एका शब्दात मान्य केला.

मालकीणबाई साठीच्या, आयुष्यभर घोड्यांत वाढलेल्या. त्यांच्याकडे चार घोडे होते, आवारातला जुना लाकडी तबेला वादळात मोडला होता आणि शेजारी हा बार्न मोडक्या नांगरांचा आणि रंगाच्या डब्यांचा भार वाहत उभा होता. ऐतिहासिक इमारतींच्या सूचीत नोंदलेल्या बार्नमध्ये घोडे ठेवायला परवानगी मिळेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र दोन कायद्यांतून शोधावे लागते.

इंग्लंडमध्ये ऐतिहासिक इमारतींची राष्ट्रीय सूची आहे. तिचा पाया दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या नगररचना कायद्याने, भक्कम झाला आणि आज तिचे नियमन १९९० च्या स्वतंत्र कायद्याने होते. सुमारे चार लाख नोंदींपैकी ग्रेड वन, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीच्या, जेमतेम अडीच टक्के. नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती ग्रेड टूमध्ये मोडतात, आणि आमचा बार्नही त्यांतलाच. १७०० पूर्वीची इमारत बऱ्यापैकी मूळ रूपात उरली असेल तर ती सहसा सूचीत असतेच. तिच्या स्वरूपाला बाधा येईल असा कोणताही बदल, मग तो आतला असो वा बाहेरचा, परवानगीशिवाय केला तर तो फौजदारी गुन्हा ठरतो आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या परवानगीच्या अर्जाला शुल्क नाही. पण प्रत्येक खांबाचा नकाशा, इमारतीच्या महत्त्वाचे टिपण आणि प्रत्येक बदलाचे कारण लिहून द्यावे लागते. अनेकांना ही कटकट वाटते. मला मात्र या कामातला हा सर्वांत उपयोगी भाग वाटतो, कारण बदलाचे कारण लिहायला बसले की निम्मे बदल आपोआप गळून पडतात.

दुसरी परवानगी वापर बदलण्याची. घोडा शेतात नुसता चरत असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती शेती. पण बाहेरून दाणावैरण घालून, स्वारीच्या हौसेसाठी तो पाळला तर ती शेती नव्हे, आणि त्यासाठी शेतीची इमारत वापरायची तर नियोजनाची परवानगी लागते. मालकीणबाईंना याचा राग आला. ज्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या नांगराचे घोडे जुंपले गेले, ज्या दारातून सफोक पंच जातीच्या तांबूस, बुटक्या पायांच्या घोड्यांनी गहू आत ओढून आणला, तिथे घोड्याला यायला परवानगी कशाला, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले आणि सफोक पंच जवळजवळ नाहीसा झाला; १९६६ साली त्या जातीची अवघी नऊ शिंगरे नोंदवली गेली. मालकीणबाईंचा राग मला समजत होता, तरी मी कायद्याच्या बाजूने बोलले. स्वारीच्या घोड्यांमागून घोडे वाहून नेणाऱ्या मोटारी येतात, वाळूचे रिंगण येते, रात्रीचे दिवे येतात, लिदेचा ढीग येतो, आणि त्या सगळ्यांचा विचार कोणीतरी आधी करायला हवा.

घर करायचे असते तर काय काय करावे लागले असते, याचा एक नकाशा मी मुद्दाम काढून मालकीणबाईंना दाखवला. माणसाला उजेड हवा, म्हणजे काळ्या फळ्यांत खिडक्या आणि छपरात काचा. त्याला ऊब हवी, म्हणजे वाशांमध्ये उष्णतारोधक थर आणि फळ्यांच्या आतून दुसरी भिंत, म्हणजेच सांगाडा झाकला जाणार. निजायच्या खोल्या हव्यात, म्हणजे कैच्यांच्या पातळीवर मजला आणि त्या उंच पोकळीचे दोन तुकडे. शिवाय न्हाणीघरे, नळ, धुराडे, दाराशी मोटार. यातली एकेक गोष्ट कौशल्याने बसवता येते. पण सगळ्या बसवल्यावर उरते ते बार्नच्या आकाराचे घर. बार्नचे खरे मूल्य त्याच्या लाकडाइतकेच त्याच्या पोकळीत आहे, जोत्यापासून आढ्यापर्यंत एका नजरेत मावणाऱ्या त्या अंधाऱ्या, थंड, अखंड जागेत.

घोड्याला नेमके तेच हवे असते. पाच ते पंचवीस अंश तापमानात तो आरामात असतो आणि हिवाळी केस वाढले की त्याहून कडक थंडीही सोसतो. त्याला ऊब पुरवण्याची धडपड माणूस आपल्या समाधानासाठी करतो. त्याला धोका असतो तो कोंदट हवेचा. गवतातली आणि पेंढ्यातली धूळ, बुरशीचे सूक्ष्म बीजाणू आणि मुतातून सुटणारा अमोनिया यांनी घोड्याची श्वासनलिका सुजते आणि त्याला दम्यासारखा विकार जडतो. बंदिस्त तबेल्यांत राहणाऱ्या घोड्यांमध्ये तो फार आढळतो. म्हणून पागेत डोक्यावर भरपूर उंची हवी, खालून ताजी हवा यायला आणि वरून तापलेली हवा जायला वाट हवी. पूर्वी उफणणीसाठी आणि पेंढ्या कोरड्या राहाव्यात म्हणून ज्यांनी फळ्यांत फटी ठेवल्या, छपराखाली भोके ठेवली, त्यांनी घोड्याच्या फुप्फुसांची सोय नकळत करून ठेवली होती.

मापेही जुळली. ब्रिटिश हॉर्स सोसायटी मोठ्या घोड्यासाठी ३.६५ मीटर बाय ४.२५ मीटरचा कप्पा सुचवते. आमचा खण ४.२ मीटरचा. सहा मीटर रुंदीतून ३.६५ मीटर कप्प्याला दिले तर २.३५ मीटरचा बोळ उरतो, आणि त्यातून लगाम धरून घोडा सुखाने नेता येतो, वळवताही येतो. मळणीच्या खणाच्या डावीकडे दोन घोडे, उजवीकडे दोन, आणि मधला खण मोकळा. नकाशावर हे बसले त्या संध्याकाळी मी फार आनंदात होते, कारण जुन्या इमारतीच्या मापांनी नवा वापर असा आपसूक स्वीकारल्याचे माझ्या कामात क्वचितच घडले आहे.

तरी घोडा बार्नला इजा करू शकतो, आणि ती गोष्ट सौम्य शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. पाचेकशे किलोचे जनावर मागच्या पायांनी लाथ झाडते, कंटाळले की लाकूड कुरतडते, अंग घासते, आणि रोज वीसेक किलो लीद व कित्येक लिटर मूत जमिनीवर टाकते. मुतातले क्षार विटांत शिरले की विटेचा पापुद्रा सुटू लागतो. म्हणून मूळ इमारतीला घोड्याचा स्पर्शच होता कामा नये, या एका नियमावर आम्ही सगळा आराखडा बेतला. कप्प्यांच्या भिंती जस्त चढवलेल्या पोलादी चौकटींच्या आहेत, खाली जाड फळ्या आणि वर गज. त्या ओकच्या खांबांना न टेकता, आपल्या पायांवर उभ्या आहेत, आणि जुन्या लाकडात त्यांचा एकही स्क्रू गेलेला नाही. घोडा बांधायच्या कड्या नव्या पोलादावर. जिथे घोड्याचे दात पोहोचतात त्या फळ्यांच्या कडांना लोखंडी पट्टी. मिडस्ट्रेच्या एका खांबावर कोणीतरी कर्कटकाने कोरलेले सहा पाकळ्यांचे फूल आहे. अशी चिन्हे अनिष्ट टाळण्यासाठी कोरत, असे या विषयाचे जाणकार सांगतात. त्या खांबाजवळ साधा खरारा टांगायची खुंटीदेखील ठोकायची नाही, असे मी कामाच्या कागदांत लिहून ठेवले.

जमिनीवर सर्वांत जास्त वाद झाला. ठेकेदाराला सिमेंट काँक्रीट ओतायचे होते. ते स्वस्त पडते, चटकन होते, धुवायला सोपे असते. पण जुन्या इमारतीखालची माती ओल धरते आणि सोडते. तिच्यावर काँक्रीटची अभेद्य लादी घातली की ओल वाट शोधत कडेला जाते, जोत्यात चढते आणि तुळईचे लाकूड कुजवते. शिवाय पाया खणायचा तर पुरातत्त्वाच्या जाणकाराला शेजारी उभे करावे लागते, कारण आधीच्या इमारतीच्या खुणा त्याच मातीत असू शकतात. आम्ही काहीच खणले नाही. जुन्या जमिनीवर थर वेगळे ठेवणारे कापड अंथरले, त्यावर वाळू आणि खडी, त्यावर स्टॅफर्डशायरच्या निळ्या, कठीण भाजलेल्या विटा अगदी हलक्या उतारात बसवल्या आणि त्यांच्या दरजा चुन्याने भरल्या. या विटा पाणी फारसे पीत नाहीत, म्हणून रेल्वे स्थानकांच्या फलाटांना आणि जुन्या पागांना त्या पूर्वीपासून वापरल्या जातात. उद्या घोडे गेले तर ही सगळी जमीन हाताने उचलून नेता येईल. मधल्या खणातल्या एल्मच्या फळ्यांवर नालांचा मार बसू नये म्हणून वरून काढता येण्याजोग्या फळ्या टाकल्या, त्यावर रबरी चटया. एल्म आता सहजासहजी मिळत नाही. १९७० च्या दशकातल्या डच एल्म रोगाने इंग्लंडातली कोट्यवधी झाडे मेली, त्यामुळे तिथली फळी गेली की गेली.

उत्तरेकडची तुळई कुजलेली निघाली, आणि तिचे कारणही सिमेंटच होते. विसाव्या शतकात कधीतरी कोणीतरी जोत्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. आत शिरलेले पाणी बाहेर पडू शकले नाही. आमचे सुतार सत्तरीकडे झुकलेले, मितभाषी गृहस्थ. त्यांनी टेकू लावून चौकट केसभर उचलली, तुळईचा खराब भाग करवतीने तोडला आणि मला हाताने दाबून पाहायला सांगितले. खालच्या अंगाला बोट लावले तरी लाकडाचा भुगा होत होता. वर वीतभर अंतरावर तोच ओक इतका कठीण होता की त्यांच्या छिन्नीला दर थोड्या वेळाने धार लावावी लागे. नवा तुकडा त्यांनी कच्च्या ओकाचा घेतला, तिरकस सांधा कापून जुन्यात बसवला आणि वाळताना ओक आक्रसतो हे लक्षात घेऊन खुंट्यांची भोके किंचित सरकवून पाडली, म्हणजे खुंटी ठोकताच सांधा आणखी आवळला जातो. एका ठिकाणी बोल्ट लागलाच, तो स्टेनलेस स्टीलचा, कारण ओकातले टॅनिन साधे लोखंड खाऊन टाकते. खांबांच्या अंगावर छिन्नीने कोरलेले रोमन आकडे दिसू लागले तेव्हा त्यांनी काम थांबवून एकेक आकडा बोटाने पुसून दाखवला. चौकटी आधी सुताराच्या आवारात आडव्या मांडून जुळवायच्या, खुणा करायच्या, सोडवायच्या आणि मग जागेवर आणून त्याच क्रमाने उभ्या करायच्या, ही पद्धत. चारचा आकडा चार उभ्या रेघांनी कोरलेला होता. आपल्या नव्या तुकड्यावर त्यांनी सालाचा आकडा कोरला, म्हणजे पुढच्या दुरुस्तीवाल्याला जुने कोणते आणि नवे कोणते हे शोधत बसावे लागणार नाही. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था स्थापली तिची शिकवण हीच आहे. जेवढे बिघडले तेवढेच दुरुस्त करायचे आणि ती दुरुस्ती लपवायची नाही.

वटवाघळांनी आमचे जवळजवळ एक वर्ष घेतले, आणि ते त्यांच्या हक्काचे होते. ब्रिटनमधल्या सर्व जातींच्या वटवाघळांना आणि त्यांच्या वस्तीच्या जागांना कायद्याचे संरक्षण आहे. नॅटरर्स जातीची वटवाघळे जुन्या बार्नमध्ये ओकच्या सांध्यांतल्या रिकाम्या खाचांत राहतात, जिथले कुसू कधीकाळी निसटले आहे तिथे. मे ते सप्टेंबर या काळात संध्याकाळी ती बाहेर पडताना मोजावी लागतात, त्यांच्या आवाजाची नोंद यंत्राने घ्यावी लागते आणि मगच परवाना मिळतो. त्यामुळे पश्चिमेकडच्या दोन चौकटींच्या वरच्या सांध्यांना आम्ही हातच लावला नाही, आणि दिवे फक्त कमरेच्या उंचीवर, खाली तोंड करून बसवले. वरचा अंधार त्यांचा. घराच्या नकाशात ही तडजोड जमली नसती. घोड्यांची आणि त्यांची मात्र कसलीच तक्रार नाही.

खिडक्यांवरून मालकीणबाई आणि स्थानिक परिषदेच्या वारसा अधिकारी बाई यांचे पटत नव्हते. घोडा कळपाचा प्राणी. त्याला शेजारचा घोडा दिसायला हवा आणि बाहेर डोके काढता यायला हवे, नाहीतर तो झुलू लागतो, दारे कुरतडू लागतो. अधिकारी बाईंना दक्षिणेच्या काळ्या, अखंड भिंतीला भोके पडलेली नको होती. मला दोघींचे म्हणणे पटत होते. शेवटी प्रत्येक कप्प्यासमोरच्या आडव्या फळ्यांचा एक भाग बिजागरीवर बसवला. तो आतून उघडतो, आणि बंद केल्यावर फळ्यांच्या रेषा तंतोतंत जुळतात, म्हणून रस्त्यावरून पाहणाऱ्याला दाराचा पत्ताही लागत नाही. फळ्यांमागच्या उभ्या ओकच्या काठ्या तोडायच्या नव्हत्या, म्हणून ही दारे दोन काठ्यांमधल्या अंतराएवढीच अरुंद ठेवली. घोड्याची मान त्यातून जाते, खांदा जात नाही. मोठ्या अंगाच्या घोडीला ती जरा अरुंद पडतात, हे मान्य.

आगीची भीती मला कोणत्याही बार्नमध्ये असते. ओलसर गवत रचून ठेवले की ते आतून तापत जाते आणि आपोआप पेटू शकते. शिवाय त्यातून उडणारी धूळ घोड्यांना वाईट. म्हणून गवताचा साठा आवारापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवला आणि बार्नमध्ये फक्त दिवसाची वैरण आणायची असे ठरले. विजेच्या तारा उंदीर कुरतडतात म्हणून त्या सगळ्या धातूच्या नळ्यांतून नेल्या, आणि नळ्या नव्या पोलादाला बांधल्या. लिदेचा ढीग वाऱ्याच्या खालच्या बाजूला, ओढ्यापासून दूर. हे सगळे रटाळ वाटेल, पण बार्न जळतात ते अशाच रटाळ गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्याने.

घोडे आले त्याला आता एक हिवाळा झाला. चंदीच्या वेळी चौघांची डोकी एकदम वर येतात, तबेल्याचे मांजर मळणीच्या खणात निजते आणि उन्हाळ्यात आलेल्या पाकोळ्यांनी तिसऱ्या चौकटीवर आपली जुनी घरटी पुन्हा लिंपली. माझे लक्ष मात्र लाकडावर आहे. घोडा श्वासातून आणि घामातून बरीच वाफ हवेत सोडतो, आणि ओकमधली ओल वीस टक्क्यांच्या वर राहू लागली की बुरशी धरते. त्या कुजक्या लाकडात मग डेथवॉच बीटल हा भुंगा शिरतो. म्हणून खांबांच्या पायथ्याशी आणि कैच्यांवर मी ओल मोजायच्या जागा ठरवून दिल्या आहेत आणि मालकीणबाई दर महिन्याला आकडे लिहून पाठवतात. दक्षिणेकडचे आकडे निर्धास्त आहेत. ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथे वारा पोहोचत नाही, तिथे धुक्याच्या आठवड्यांत ओल एकोणीस टक्क्यांपर्यंत चढली. वरच्या त्रिकोणी भिंतीत पूर्वी घुबडासाठी ठेवलेले एक भोक आहे, आणि तेही कधीतरी पत्रा ठोकून बुजवले गेले होते. तो पत्रा काढायला परिषदेची परवानगी मिळाली आहे, आणि सुतार मेच्या आधी, वटवाघळे पिले घालायला लागण्यापूर्वी, शिडी लावून तो काढणार आहेत. पुढच्या हिवाळ्यात त्या कोपऱ्याचा आकडा खाली आला नाही तर उत्तरेच्या ठेंगण्या दाराच्या वरच्या दोन फळ्यांत बोटभर फट ठेवावी लागेल, आणि त्याचा नकाशा मी काढून ठेवला आहे.